ओट्याची उंची

"संकल्पना काय?" सरांनी विचारलं.

तिने भिंतीवर टाचलेल्या नकाशांकडे पुन्हा एकदा बोट दाखवलं. "सर, सांगितलं ना मी. आईला झटका आला होता. उजव्या हातात जोर नाही, फार वेळ उभं राहता येत नाही. म्हणून ओटा खाली घेतलाय. बसून काम करता येईल. खाली गुडघे जातील एवढी जागा मोकळी सोडलीय. नळ मनगटाने ढकलला तरी उघडतो. रोजचे डबे सगळे डाव्या हाताशी."

"अगं, ती सोय झाली. मी संकल्पना विचारतोय."

"हीच संकल्पना आहे, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हे चांगलं लक्षण नव्हतं. "तुझ्या मैत्रिणीचं बघ," ते म्हणाले.

मैत्रिणीने प्रकल्पासाठी हॉटेल घेतलं होतं. तिची संकल्पना होती नदी. दारातून आत आलं की फरशी नदीसारखी वळत वळत जायची, छतावरून थेंबांसारखे दिवे लोंबायचे आणि पाहुणे किनाऱ्याला लागल्यासारखे सोफ्यांना लागायचे. सर त्या चित्रासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले होते. मैत्रीण मनाने चांगली होती. पण त्या दिवसापासून तिला बघितलं की हिच्या कपाळावर आठी पडायची.

शेवटच्या सहामाहीचा प्रकल्प होता. घर, हॉटेल किंवा दवाखाना, यांपैकी एक निवडायचं आणि आतून नव्याने मांडायचं. बहुतेकांनी हॉटेल घेतलं, काहींनी दवाखाना. हिने घर घेतलं, तेही दवाखान्यातून परत आलेल्या माणसाचं. वर्गात हिला सगळे टेप म्हणत. पिशवीत कायम मोजमापाचा टेप असायचा हे एक कारण. एकदा तक्रार सुरू झाली की ही टेप लावल्यासारखी बोलत सुटायची, हे दुसरं. अलीकडे दुसरं कारणच जास्त खरं झालं होतं.

"पुढच्या वेळी संकल्पना घेऊन ये," सर म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्याचा दवाखाना फुलपाखरावर बेतलेला होता.

घरी आली तर दारातच करपल्याचा वास. बाबांनी दूध ठेवलं होतं आणि बातम्या बघायला गेले होते. पातेलं तळाशी काळं झालेलं. बाबा ते कमरेत वाकून घासत होते. बाबा म्हणजे ताडमाड माणूस. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी झाली, निवृत्त झाले, पण प्रत्येक दारातून मान वाकवूनच आत जायचे. आता ओट्यापुढे वाकून वाकून त्यांची पाठ धरली होती आणि दिवसभर "आई गं" चालू होतं.

"झाला का पास तुझा नकाशा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कधी होणार? गवंड्याला मी सांगून ठेवलंय. तुझ्या सरांना म्हणावं, इथे माणूस खोळंबलाय. ओटा झाला की ही पुन्हा उभी राहील. म्हणजे बसेल. काय गं, बरोबर ना?"

हे शेवटचं आईला होतं. आई बाहेरच्या खोलीत शोकेसला धरून उभी होती. "मला..." ती म्हणाली.

"हो हो, तुला कंटाळा आलाय बसून बसून. माहीत आहे ना मला," बाबा म्हणाले. "आता थोडेच दिवस."

झटक्यानंतर आई हळूहळू चालायला लागली, काठी घेऊन का होईना. पण बोलताना शब्द सापडायला वेळ लागायचा. एखादं वाक्य सुरू करायची आणि मधेच थांबायची, अंधारात चप्पल शोधावी तशी. डॉक्टर म्हणाले होते, बोलत्या ठेवा. म्हणून सगळे तिच्याशी भरपूर बोलायचे. तिने अर्ध्यावर सोडलेलं वाक्य जो जवळ असेल तो पुरं करायचा आणि मग तिला विचारायचा, "हेच ना?" आई मान हलवायची. वाद घालायला आणखी शब्द लागले असते.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना बाबा अभिमानाने सांगत, "शोकेसला धरून उभं राहायचा सराव करते हो. आम्हाला सांगावं लागत नाही."

टेपने ठरवलं, आता नुसत्या नकाशावर भागणार नाही. सरांना दाखवायला फोटो तरी होतील. तिने दुकानातून फ्रिजचे मोठे खोके आणले आणि स्वयंपाकघरात पुठ्ठ्याचा ओटा उभा केला. हव्या त्या उंचीचा, खाली मोकळी जागा असलेला. नळाच्या जागी बाटली चिकटवली. बाबांना चाकांची खुर्ची आणायला पिटाळलं.

"बस आई. आता समज, तू भाजी चिरतेयस."

आई बसली. डाव्या हातात सुरी धरल्यासारखं केलं. दोनदा हात वरखाली केला.

"उंची बरोबर आहे?"

"छान आहे."

"खांदा वर उचलावा लागतोय का?"

"छान आहे."

"आई, छान म्हणजे काय? वर हवं की खाली? तो डबा घे बघू. तो, डावीकडचा. हात पोचतोय?"

आईने हात अर्धवट पुढे केला आणि मांडीवर ठेवला. "नाही."

टेपने डबा अलीकडे ओढला. "आता?"

"नाही."

आणखी अलीकडे. आता डबा आईच्या नाकासमोर होता. "आता?"

"छान आहे," आई म्हणाली.

टेपचं डोकं तापलं. कारण त्याच सकाळी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आईने काठी ओट्याला टेकवून, टाचा उंचावून, अगदी वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा डाव्या हाताने काढला होता, दोन बिस्किटं खाल्ली होती आणि डबा जागच्या जागी ठेवला होता.

"आई, तू मुद्दाम करतेयस."

आई बाटलीच्या नळाकडे बघू लागली.

"सकाळी बिस्किटांचा डबा काढलास तेव्हा हात पोचला! आता का नाही पोचत? मी काय खेळतेय का इथे? तिकडे सर माझं डोकं खातात, इकडे बाबा गवंडी गवंडी करतात, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती म्हणते छान आहे! मी कुणासाठी करतेय हे?"

"अगं, तिच्यावर काय ओरडतेस," बाबा दारातून म्हणाले.

"तुम्ही बोलू नका बाबा! तुम्हीच तिच्या वतीने सगळं बोलता!"

बाबांचा चेहरा उतरला. ते पाय आपटत बाहेर गेले आणि दूरचित्रवाणीचा आवाज मोठा झाला.

टेप पुठ्ठ्याला पाठ लावून खाली फरशीवर बसली. हाताला डिंक लागला होता, केसात पुठ्ठ्याचा भुगा होता.

"मला..." आई म्हणाली.

एरवी टेपने पुढचं जोडलं असतं. मला वाईट वाटतं, मला पाणी दे, मला झोपायचंय. पण तिला कंटाळा आला होता. ती नुसती बसून राहिली.

आई थांबली. बाहेर बातम्यांमधला माणूस किंचाळत होता. नळ ठिबकत होता. आईचे ओठ हलत होते. शब्द येईना, तशी तिने डाव्या हाताची बोटं मांडीवर आपटली आणि पुन्हा सुरुवात केली.

"मला... परत... इथे यायचंच नाही."

टेपने मान वर केली.

"इथे?"

"ओट्याशी." मग बऱ्याच वेळाने, "लग्न झाल्यापासून उभी आहे. आता... सुटले."

"पण मग सांगायचं नाही का!" टेप म्हणाली आणि म्हणतानाच तिला कळलं आपण काय विचारतोय ते. आईने तिच्याकडे असं काही पाहिलं की टेपने जीभ चावली.

आता आईने धीर धरला होता. एकेक शब्द घेत, चुकीचा आला की हाताने झटकून टाकत ती बोलली आणि टेप ऐकत राहिली. आईला स्वयंपाक येत नाही असं कुणी म्हटलं तर तिला राग आला असता. तिला तो येत होता आणि नको होता. व्यायामाच्या बाई सारख्या म्हणत, लवकरच पुन्हा स्वयंपाक करू लागाल, आणि ते ऐकलं की तिला रात्री झोप लागायची नाही. म्हणून ती हात पोचत नाही म्हणायची. हात पोचला की ओट्याशी बसवतील, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग तुला हवंय काय?"

आई उठली. काठी घेऊन बाहेरच्या खोलीत आली, बाबांच्या समोरून गेली आणि शोकेसच्या कडेला उभी राहिली. तिथे भिंत आणि शोकेस यांच्यामध्ये खिडकीचा जेमतेम वीतभर तुकडा उघडा होता. बाकी खिडकी शोकेसच्या मागे. शोकेसमध्ये बाबांचे कॅरमचे कप.

टेपने तिच्या खांद्यावरून डोकावलं. खाली मैदान होतं. तिथे लोकांना गाडी चालवायला शिकवत. पत्र्याची पिंपं ओळीने मांडलेली आणि एक पांढरी गाडी त्यांच्यामधून उलटी यायचा प्रयत्न करत होती. ती वाकडी झाली, थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"आता... ठोकणार," आई म्हणाली.

धडाम! पिंप आडवं. आई हसली. झटका आल्यापासून टेपने तिला अशी पोट हलवून हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तू व्यायामासाठी उभी राहत नव्हतीस?"

"पाय दुखतात," आई म्हणाली. "बसून... बघायचंय."

बाबांनी आवाज बारीक केला. "काय चाललंय?"

टेपने त्यांना सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण टेपच ती. बाबांनी सगळं ऐकलं, एकदा आईकडे पाहिलं, एकदा शोकेसकडे.

"मग करणार कोण?" ते म्हणाले. "विकतचा डबा किती दिवस खायचा? ही कॉलेजात. मी?"

"तुम्ही," आई म्हणाली. तिला शब्द शोधावा लागला नाही.

बाबा रुसले. जेवले नाहीत, म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाहीत. सकाळी बिस्किटांचा डबा रिकामा निघाला. पुढे काही दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. बाबा भांडी मुद्दाम आपटून घासत, पाठ धरत, आणि कुणी बघतंय का ते बघत.

टेप बघत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं की बाबांचं नाटक निम्मंच आहे, पाठ खरंच दुखतेय. हा ओटा बिल्डरने सरसकट बांधून दिलेला, आणि बाबांच्या मांडीच्या जरा वर संपणारा. कुणीही उंच माणूस त्यापुढे अर्धा दिवस वाकला तर असाच विव्हळेल.

"सरळ उभे राहा बाबा," ती टेप घेऊन म्हणाली.

"कशाला? तिरडीचं माप घेतेस?"

"कोपर वाकवा. असं. हलू नका."

"मी काही स्वयंपाक करणार नाही हां. सांगून ठेवतो."

"नका करू. माप तर देऊन ठेवा."

त्यांनी दिलं. कोपर, खांदा, वर हात कुठवर जातो तेही. हात कुठवर जातो ते दाखवताना जरा जास्तच ताणून दाखवलं.

तिने जुने नकाशे काढून टाकले. नव्या नकाशात ओटा खाली जायच्या ऐवजी चांगला वर गेला. डबे वरच्या फळ्यांवर चढले. शोकेस खिडकीसमोरून हलली आणि कप स्वयंपाकघरात, अगदी वरच्या फळीवर गेले, जिथे बाबांशिवाय कुणाचा हात पोचत नाही. खिडकीशी एक खुर्ची आली. उठताना रेटा देता येईल असे भक्कम हात असलेली, फार खोल नाही, फार मऊ नाही. शेजारी काठी अडकवायची जागा, डाव्या हाताशी पाणी.

परीक्षेच्या दिवशी सरांबरोबर बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. जन्मभर दवाखाने बांधलेल्या, बारीक अंगाच्या, पायात कापडी बूट. त्या मैत्रिणीच्या नदीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पाहुण्याच्या हातात जड बॅग असेल तर तो एवढं वळत कशाला जाईल? सरळच जाईल ना?" मैत्रिणीचा चेहरा पडला. टेपला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

मग त्या टेपच्या भिंतीपाशी आल्या.

"आजारी कोण आहे?"

"आई."

"आणि ओटा वर का नेलास?"

"कारण आई स्वयंपाक करणार नाहीये. बाबा करणार आहेत."

सर खोकले. "हिचा मूळ प्रकल्प वेगळा होता. ऐन वेळी बदललाय. मी सारखा विचारतोय, संकल्पना..."

"सर, संकल्पना नाही सापडली," टेप म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तो आवरावा असं तिला वाटेना. "नदी नाही, फुलपाखरू नाही, काही नाही. मी इतके महिने एका बाईसाठी अशी जागा काढत होते जिथे तिला जायचंच नव्हतं. तिला विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण उत्तर पुरं होऊ दिलं नाही. आता तिने सांगितलंय, तेवढंच मी काढलंय. एवढंच आहे."

परीक्षक बाईंनी मान हलवली. टेपला वाटलं, जिंकले.

"आई बाथरूमला एकटी जाते?" बाईंनी विचारलं.

"हो. काठी घेऊन."

"दार कुणीकडे उघडतं?"

टेपने नकाशाकडे पाहिलं. तिचं तिलाच दिसलं. "आत."

"ती आत दाराशी पडली, तर तुम्ही दार कसं उघडणार?"

बाथरूमचं माप तिने घेतलं होतं, पण दाराचा विचार एकदाही केला नव्हता. घरातले सगळे ओट्यावरून भांडत बसले होते आणि हे दार रोज आईच्या मागे आत मिटत होतं.

"बाकी खुर्ची चांगली आहे," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

टेप धावतच घरी पोचली. पिशवी टाकली आणि ती सरळ बाथरूमपाशी गेली. "बाबा, स्क्रू-ड्रायव्हर!"

"आता काय काढलंस?"

"दार काढायचंय. आत्ता."

सुताराला फोन केला तर तो म्हणाला उद्या येतो. त्याचा उद्या सगळ्यांना माहीत होता. बाप-लेकीने मिळून दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, भिंतीला टेकवलं आणि तिथे चादर लटकवली. आई काठी टेकत आली, चादरीकडे बघत राहिली आणि तिचा पारा चढला.

"हे... काय?"

"आई, तुझ्याच भल्यासाठी..."

"दार!" आई म्हणाली. "मला दार हवं!"

तिचं बरोबर होतं. बाबांचं म्हणणं पडलं की जिवापुढे लाज कसली. आई म्हणाली, तुम्ही जा मग चादरीमागे. बाबा गेले आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन सुताराला पुन्हा फोन लावला. तरी तो आला त्याच्या सवडीनेच. दार बाहेर उघडेल असं बसवलं, तर ते धुण्याच्या यंत्राला थडकायला लागलं. यंत्र हलवलं, तर त्याची नळी पुरेना. नळी आणली, तर ती गळायला लागली. टेप ओल्या फरशीवर उभी राहून स्वतःच्या शिक्षणाला शिव्या देत होती. शेवटी दार बाहेर उघडलं, नीट मिटलं, आणि आईने पहिल्यांदा आत जाऊन ते धाडकन लावून घेतलं.

निकाल लागला. टेपला मधले गुण मिळाले, मैत्रिणीला तिच्यापेक्षा थोडे जास्त. सरांनी निरोपाच्या दिवशी सांगितलं, "हुशार आहेस, पण फार घरात अडकतेस." तिने बरं म्हटलं. वाद घालायची इच्छा तिला प्रथमच झाली नाही. पुढे दवाखान्यांची कामं करणाऱ्या एका कचेरीत तिला नोकरी लागली.

गवंडी आला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. जुना ओटा फोडताना घरभर धूळ झाली, आठवडाभर सगळे बाहेरच्या खोलीत पाव खात बसले आणि एकमेकांवर खेकसत राहिले. नवा ओटा झाल्यावर बाबा त्याच्यापुढे उभे राहिले, दोन्ही तळवे टेकले. पाठ सरळ होती. "ठीक आहे," म्हणाले. आपण स्वयंपाक करणार नाही हे त्यांनी त्या दिवशीही सांगितलं, बटाटे सोलता सोलता.

त्यांचा भात कधी चिखल व्हायचा, कधी खडे. अंडी मात्र जमायला लागली. आईला काही विचारायचं असलं की ते आतून ओरडायचे आणि मग चक्क थांबायचे. उत्तर यायला कितीही वेळ लागो.

एक दिवस मावशी बहिणीला भेटायला आली. मावशी आईहूनही बुटकी. आल्या आल्या पदर खोचून म्हणाली, "मी करते गं काहीतरी, तुम्ही बसा," आणि स्वयंपाकघरात गेली. ओटा तिच्या जवळजवळ छातीला लागला. सुरी धरायला कोपर खांद्यापर्यंत न्यावं लागलं. तिने टाचा उंचावल्या, मग डावीकडून प्रयत्न केला, मग उजवीकडून.

"अगं बाई, हा ओटा कुठल्या शहाण्याने बांधला?" ती ओरडली.

"माझ्या मापाचा आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातातून सुरी काढून घेतली. "तुम्ही बाहेर बसा. चहा मी टाकतो. साखर सांगा फक्त."

मावशी बाहेर येऊन खिडकीशी खुर्चीत बसलेल्या बहिणीशेजारी बसली. तोंडाचा आ तसाच होता. "तुला चालतं हे?" तिने हळूच विचारलं.

आई उत्तर शोधत होती. आतून बाबांचा आवाज आला, "साखर किती, अहो?"

"दोन चमचे!" टेप खोलीतून ओरडली. कचेरीतल्या कामाने तिचं डोकं उठलं होतं. एका दवाखान्याच्या साठ खोल्यांच्या बाथरूमची दारं तिला तपासायची होती, आणि त्यांतली निम्मी आत उघडत होती.